वन डे वाले आणि गाडीत बसलेली आई

अलिबाग-रेवदंड्याकडे पर्यटकांच्या दोन जाती मानतात, एक मुक्कामवाले आणि दुसरे वन डे वाले. मुक्कामवाला आला की कॉटेजचा मालक स्वतः गेटपर्यंत येतो, आणि वन डे वाला म्हणजे सकाळी आला, रस्ता जाम केला, किनाऱ्यावर वेफर्सची पाकिटं टाकली आणि अंधार पडायच्या आत चालू पडला, असा सरसकट शेरा. पर्यटनावर कुठलीही बैठक असो, कोणीतरी उठून बोलणारच की पर्यटक थांबत नाही हो आपल्याकडे, मुक्काम वाढला पाहिजे, आणि बाकीचे माना डोलावणार. मग मुक्काम वाढवायला काय करायचं, तर कमान, सेल्फी पॉइंट, रंगीत लाइटी आणि 'आय लव्ह' अमुक तमुक लिहिलेली ती मोठी मोठी अक्षरं.

माझं म्हणणं बरोब्बर उलटं आहे. समुद्र बघायला येणाऱ्यांचं सोडा, पण आमच्या चौल-रेवदंड्यासारखं जुनं शहर बघायला जे येतात ते बहुतेक वन डे वालेच असतात, आणि ते म्हणजे एकटादुकटा ट्रेकर नाही की चार मित्र नाहीत, अख्खं कुटुंब असतं, आजी, आईबाबा, काका-काकू, दोन पोरं आणि एक कडेवरचं. आणि या कुटुंबाला डोळ्यासमोर ठेवून आपण आपली जुनी ठिकाणं कधी नीट केलेलीच नाहीत.

मुक्कामवाल्यांवर माझा राग नाही, आमच्याच भावकीत रूम्स देणारे आहेत, त्यांची चूल त्यावर चालते. पण खरं सांगायचं तर मुक्कामवाला इतिहास बघायला येत नाही. दुपारी चेक-इन, मग पूल, मग कोळंबी-सुरमई, संध्याकाळी बीच, रात्री गाणी, दुसऱ्या दिवशी नाश्ता करून चेक-आउट. जेवताना कधीतरी विचारतो, चौलला काय बघण्यासारखं आहे का? आणि वाढणारा मुलगा सांगतो, तसं काही नाही, एक दत्ताचं देऊळ आहे डोंगरावर, खूप पायऱ्या आहेत. संपला विषय.

वन डे वाल्याचं तसं नसतं, त्याने आधीच ठरवलेलं असतं की आज पोरांना अमुक दाखवायचं. आणि हे येणारे तरी कोण बघा. २०२० ला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, गाडीसकट समुद्र ओलांडता यायला लागला. एसटीत २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट आणि २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून भजनी मंडळाच्या, भिशीच्या, शेजारपाजारच्या बायका डबे बांधून निघायला लागल्या, ज्यांना रूमचे तीन-चार हजार परवडत नाहीत आणि परवडले तरी घरी म्हातारं माणूस, गॅसवर दूध, सोमवारी पोरांची शाळा, रात्र बाहेर काढता येत नाही. या लोकांसाठी सहल म्हणजे एक दिवसच. तो एक दिवस चांगला गेला पाहिजे एवढीच त्यांची मागणी, आणि आपण त्यांना काय देतो तर शिव्या.

बघण्यासारखं काय आहे हे इथलेच लोक विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. चौल हे बंदर टॉलेमी या ग्रीक भूगोलकाराच्या लिखाणात, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात सापडतं. कान्हेरीच्या लेण्यातल्या शिलालेखात त्याचं नाव चेमूल म्हणून आलंय. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल मसुदी इथे येऊन गेला तेव्हा ओमान, बसरा, बगदादकडच्या लोकांची मोठी वस्ती त्याने पाहिली. १५०८ मध्ये चौलच्या खाडीच्या तोंडाशी पोर्तुगीजांची आणि इजिप्त-गुजरातच्या आरमाराची लढाई झाली, त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मेला. तरी ते हटले नाहीत, पुढे १५२० च्या दशकात रेवदंड्याला कोट बांधलाच, १५७०-७१ ला अहमदनगरच्या निजामशहाने वेढा घातला तोही पचवला, आणि शेवटी १७४० मध्ये हे ठाणं मराठ्यांकडे आलं. तोवर खाडी गाळाने भरत चालली होती, व्यापार आधी सुरतेला नि मग मुंबईला गेला, आणि दीड हजार वर्षं चाललेलं बंदर हळूहळू नारळी-पोफळीच्या वाड्या होऊन बसलं. एवढं सगळं अलिबागपासून वीस किलोमीटरच्या आत. वाटेत आक्षीला शिलाहार घराण्यातल्या केशिदेवराया या राजाचा मराठी शिलालेख आहे, शके ९३४ चा म्हणजे १०१२ चा मानतात, तो कितीतरी वर्षं रस्त्याकडेला धूळ खात उभा होता.

आणि पाहुण्यांचं म्हणाल तर चौलला आलेला सगळ्यात भारी पाहुणा म्हणजे अफानासी निकितिन, रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी, १४७० च्या आसपास एक घोडा घेऊन इथे उतरला. त्याने लिहून ठेवलंय की इथली माणसं उघडी फिरतात, बायका डोकं झाकत नाहीत, एका वेणीत केस घालतात, आणि मी जाईन तिथे लोक मागे मागे येतात, गोऱ्या माणसाचं त्यांना नवल वाटतं. तो घोडा पुढे जुन्नरच्या खानाने काढून घेतला, धर्म बदल तर देतो म्हणाला, मग एका खुरासानी माणसाने मध्ये पडून सोडवून दिला. सांगा, आठ-दहा वर्षांच्या पोराला ही गोष्ट ऐकायला आवडणार नाही? रेवदंड्याला हायस्कूलच्या आवारात त्याचं स्मारक आहे. त्या रस्त्याने रोज शेकडो गाड्या जातात आणि त्यातल्या किती जणांना हे माहीत असतं देव जाणे.

आता मुद्द्याचं. हे सगळं बघायला कुटुंब येतं खरं, पण बघतं कोण? बाबा आणि पोरं. आई आणि आजी गाडीत बसून राहतात.

तुम्ही कुठल्याही रविवारी कुठल्याही किल्ल्याच्या, कोटाच्या बाहेर उभे राहा आणि चिंचेखाली लावलेल्या गाड्यांमध्ये डोकावून बघा. काच अर्धी खाली, मागच्या सीटवर एक वयस्कर बाई, मांडीवर पर्स, हातात पुठ्ठ्याचा पंखा नाहीतर मोबाइल. विचारलं तर उत्तर ठरलेलं, गुडघे दुखतात, तुम्ही या जाऊन, मी बसते. गुडघे दुखतात हे खरंच, पण निम्म्या वेळा ते कारण नसतं. कारण हे असतं की सकाळी सहाला घरातून निघालोय, मधे एकदा हॉटेलात जाऊन आलो, आता पुढची सोय कुठे माहीत नाही, तर जितकं कमी हलाल आणि कमी पाणी प्याल तितकं बरं. हे मोठ्याने कोणी बोलत नाही, पण सहलीच्या दिवशी घशाला कोरड पडेपर्यंत पाणी न पिणं हे आपल्याकडच्या बायकांना कोणी शिकवावं लागत नाही, मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की आईच सांगते, थोडंच पी गं.

माझ्या मावशीला शुगर आहे, शिवाय बीपीची पाण्याची गोळी चालू, सारखं बाथरूमला जावं लागतं. तिला घेऊन आम्ही एका जलदुर्गाला गेलो होतो, नाव घेत नाही, उगाच वाद. धक्क्यावर टॉयलेट होतं बरं का, टाइल्सचं, बाहेर उद्घाटनाचा संगमरवरी फलक, त्यावर मान्यवरांची नावं, आणि दाराला कुलूप. किल्ली कोणाकडे विचारलं तर तिकीटवाला म्हणाला चहावाल्याला विचारा, चहावाला म्हणाला ज्याच्याकडे असते तो आज अलिबागला गेलाय लग्नाला. मावशी काही बोलली नाही, गाडीत जाऊन बसली आणि आम्हाला म्हणाली जा तुम्ही. आम्ही काय जाणार? अर्ध्या तासात पाच किलोमीटर लांबच्या हॉटेलात जाऊन, नको असलेला डोसा मागवून परत घरी. तो किल्ला मावशीने अजून पाहिलेला नाही.

आमचं घर चौलला रस्त्यालगतच्या वाडीत आहे, त्यामुळे याची दुसरी बाजूही आम्हाला रोज दिसते. सुट्टीच्या दिवशी गेटशी अनोळखी बायका उभ्या राहतात, आधी नारळ आहेत का विचारतात, सुपारी कशी दिली विचारतात, मग हळूच, ताई जरा बाथरूम वापरलं तर चालेल का. सासूबाई कधी नाही म्हणत नाहीत, वर पाणी देतात, कोकम देतात, गप्पाही होतात. पण प्रत्येक घर कुठून दार उघडणार, आणि का उघडावं? आणि किती बायका लाजेने विचारतच नसतील. (गंमत म्हणजे त्या बायकांनी चौलमधलं सगळ्यात नीट काय बघितलं असेल तर आमचं मागचं अंगण.)

यावर ठरलेलं उत्तर येतं, अहो ती संरक्षित स्मारकं, तिथे पुरातत्त्ववाले एक वीट लावू देत नाहीत. हे मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी कायदाच काढून वाचला. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा, त्यात २०१० ला दुरुस्ती झाली, स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटर बांधकामाला बंदी आणि पुढचे दोनशे मीटर परवानगी घेऊनच, इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच दुरुस्तीत बांधकाम कशाला म्हणायचं याची व्याख्या दिलीये आणि त्या व्याख्येतून सार्वजनिक शौचालयं, मुताऱ्या, गटारं, लोकांसाठीची पाण्याची सोय, विजेची सोय हे चक्क वगळलंय. म्हणजे कायदा करणाऱ्याने विचार केला होता की इथे माणसं येणार आणि माणसांना या गोष्टी लागतात. बंदी बंगल्यांना आहे, मुतारीला नाही. खुद्द तटाला खेटून बांधा असं कोणी म्हणत नाहीये, जिथे गाड्या लागतात तिथे बांधा, सकाळी उघडा, संध्याकाळी बंद करा, एक बाई कामाला ठेवा, दहा रुपये घ्या. दहा रुपये द्यायला कुठलीच बाई का कू करणार नाही, पन्नास घेतले तरी देईल.

टॉयलेटवरच का अडून बसलीस असं घरातच मला विचारतात. कारण घरातलं एक माणूस गाडीत बसलं की बाकीच्यांचा वेळही त्याच्या हिशोबाने चालतो. आई उन्हात बसलीये, चला लवकर. मग दीड तासाचं बघणं वीस मिनिटात उरकतं, बुरजावर चार फोटो आणि परत. मग लोक म्हणतात आपल्याकडे इतिहासाची आवड नाही. आवड आहे हो, पण कोणाला तरी ताटकळत ठेवून आवड कशी पुरी करणार.

तसंच भरती-ओहोटीचं. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाऊन बघता येतो, हे सगळ्यांना माहीत, पण ओहोटी कधी हे कोणालाच माहीत नसतं. पौर्णिमेच्या रविवारी दुपारी बारा वाजता सहकुटुंब किनाऱ्यावर पोचतात आणि समोर समुद्र गच्च भरलेला. आमच्याकडचे जुने लोक बोटांच्या पेरांवर सांगतात, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, सहाला भरती म्हणजे दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी, अष्टमीच्या आसपासचा रविवार दुपारी किल्ल्यात जायला उत्तम. ही एक ओळ मांडव्याच्या जेटीवर आणि अलिबागच्या एसटी स्टँडवर रोजच्या वेळेसकट खडूने लिहिली तरी कितीतरी घरांचा दिवस वाया जायचा वाचेल. फळा, खडू आणि लिहिणारा माणूस. कमानीच्या पायाच्या खड्ड्याचासुद्धा एवढा खर्च नाही.

आणि मग पाट्या. रेवदंड्याचा रस्ताच कोटाच्या तटातून आत जातो, आत लोकांची घरं, नारळी-पोफळी, तट कुठे सुरू होतो आणि कोणाचं कुंपण कुठे संपतं हे नवख्याला कळत नाही. सातखणी म्हणतात तो मनोरा, आता त्याचे सात खण काही राहिलेले नाहीत, त्याखाली उभं राहून पोरगं विचारतं, बाबा हा किल्ला महाराजांचा का? आणि बाबा म्हणतात, हो. बाबांचा दोष नाही, चौथीच्या पुस्तकात जेवढं वाचलं तेवढंच त्यांना माहीत, आणि आपल्याकडे दगडी भिंत दिसली की ती महाराजांचीच असं डोक्यात बसलेलं आहे. तो मनोरा एका चर्चचा होता, हे त्यांना सांगणारं तिथे हवं ना कोणी. २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात आमच्या बाजूचा खांदेरी आहे, खाली सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, छाती भरून आली, अगदी खरं. पण चौल हे किल्ल्यांच्या गोष्टीत बसत नाही, ते शहर आहे. तिथे घोडे उतरले, रेशीम चढलं, अरब राहिले, पोर्तुगीज राहिले, रेवदंड्यात बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं सिनेगॉग आहे, खाडीपलीकडे कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत आजही घरात पोर्तुगीजवरून आलेली बोली बोलतात, आणि इकडे रामेश्वराच्या देवळात पर्जन्यकुंड आहे, पाऊस लांबला की ते उघडायची रीत. लढाई कधी झाली, कोण जिंकलं, एवढ्यात हे सांगून होत नाही. कोणीतरी बरोबर चालत सांगायला पाहिजे, आणि सांगणारे इथे आहेत. कॉलेजला जाणारी पोरं-पोरी आहेत, निवृत्त मास्तर आहेत, त्यांना चार दिवस शिकवा, ओळखपत्र द्या, दोन तासाचे चारशे-पाचशे रुपये ठरवून द्या. सात-आठ जणांच्या कुटुंबाला ते अंगावर येत नाहीत, एका प्लेट पापलेटपेक्षा कमीच.

आता कचऱ्याचं. वन डे वाले घाण करतात हे मी नाकारत नाही, सोमवारी सकाळी किनारा बघितला की माझंही डोकं फिरतं. पण डबा घेऊन आलेल्या माणसाला बसायला सावली नाही, हात धुवायला नळ नाही, टाकायला डबा नाही, आणि मग तो तटाच्या आडोशाला बसून जेवला आणि पत्रावळ तिथेच ठेवून गेला की आपण म्हणतो संस्कार नाहीत. थोडे संस्कार कमी असतील, मान्य, आणि भिंतीवर बदाम काढून नावं कोरणाऱ्याला तर दंडच लावला पाहिजे, त्याची बाजू मी घेणार नाही. पण मुक्कामवाल्याचा कचरा दिसत नाही कारण तो कॉटेजवाला रात्री मागच्या नाल्यात नेऊन टाकतो, हेही एकदा बोलायला हवं, भले भावकी रागावली तरी चालेल.

पैसे देत नाहीत म्हणाल तर तेही खोटं. शहाळं कोण पितं? पांढऱ्या कांद्याच्या माळा कोण विकत घेतं? अलिबागच्या कांद्याला जीआय, म्हणजे गावाच्या नावाचा सरकारी शिक्का मिळाला, छान झालं, पण रस्त्याकडेला मांडव घालून बसलेल्या बाईकडून दोन माळा घासाघीस करून घेणारी बाई ही डोंबिवलीहून एसटीने आलेलीच असते. कोकम, आमसुलं, पोह्याचे पापड, सगळं तीच नेते. मुक्कामवाल्याचा पैसा एका गेटच्या आत जातो, हिचा रस्ताभर सांडत जातो, फक्त तो कोणाच्या बैठकीत मोजला जात नाही, कारण कांदे विकणाऱ्या बायकांना बैठकीला कोणी बोलावत नाही.

तर खर्च कुठून हा प्रश्न उरतो. पार्किंगची पावती बऱ्याच ठिकाणी फाडतातच, त्या पैशाचं पुढे काय होतं हा वेगळा लेख होईल. त्यातूनच निघावं असं माझं साधं गणित आहे, पावतीच्या मागे छापा की या पैशातून टॉयलेट आणि पाण्याचा नळ चालतो, कुलूप दिसलं तर या नंबरवर फोन करा. फोन उचलणारी बाई असावी.

आमच्याकडे २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे, शेजारच्या दोघी-तिघी बरोबर येतो म्हणाल्यात, कायद्याच्या त्या पानाची झेरॉक्स काढून ठेवलीये. विषयपत्रिकेवर सुशोभीकरण आधीच आहे असं कळलं. त्याच विषयात घुसवून बघते, कमानीला माझा विरोध नाही, फक्त आधी नळ आणि संडास, मग कमान, आणि किल्लीसाठी एकाच माणसावर अवलंबून राहायचं नाही, दोघांकडे ठेवायची.